उलटा कार्बन

पावतीकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द काकांनासुद्धा ते महिन्यातून एकदाच, पेन्शनच्या खिडकीवर पुकारा झाला की आठवायचं. बंदराच्या कर-कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी पावत्या फाडल्या आणि निवृत्त झाल्यावर त्या मागायला सुरुवात केली. किराणा घेतला, पावती. चप्पल शिवली, पावती. एकदा न्हावी वैतागून म्हणाला, "काका, दाढी परत उगवली तर काय पावती दाखवून बदलून मागणार आहात?" सगळं दुकान खो खो हसलं. काकाही हसले, पण पावती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाहीत.

असा सासरा लाभलेला जावई जुनी होडी घ्यायला निघाला, तर कागद दाखवायला दुसरीकडे कशाला जाईल? रविवारी सकाळी लेक आणि जावई दोघं आली. लेक आईच्या मदतीला आत गेली आणि जावयाने टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली.

"बाबा, होडी बघून आलो आम्ही. लाकूड ठणठणीत आहे. इंजिन दोन वर्षांपूर्वी पूर्ण खोलून केलंय. पलीकडच्या काठाला फेऱ्या मारायला अगदी हवी तशी. मालक म्हातारा आहे, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून विकतोय. पण कराच्या पावतीत घोळ निघालाय."

"घोळ कसला?"

"पावतीच खोटी आहे म्हणे."

काका टेबलावर, खिडकीत, वर्तमानपत्राखाली चष्मा शोधायला लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो त्यांच्या कपाळावरच होता.

होडीवरचा कर एकदाच भरायचा असतो, ती नवी घेताना. पुढे वीस-पंचवीस वर्षं त्याचं कुणी नावही काढत नाही. होडी विकायला काढली की मात्र पहिला प्रश्न तोच, कर भरल्याचा पुरावा दाखवा. पुरावा नसेल तर होडी नव्या मालकाच्या नावावर चढत नाही आणि कर दंडासकट पुन्हा वसूल होतो. हे सगळं काकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते स्वतःच ही गोष्ट लोकांना खिडकीतून ओरडून सांगत आले होते.

"मूळ पावती मालकाकडे आहे ना?"

"आहे की! तीच घेऊन कचेरीत गेलो. त्यांनी त्या नंबरचं जुनं पावतीपुस्तक काढलं. पुस्तकात राहते ती पिवळी प्रत कोरी. वर आडवं लिहिलंय, 'रद्द'. तिथल्या मॅडम म्हणाल्या, रद्द झालेली पावती कुणीतरी बाहेर काढली आणि घरी बसून भरली. सही त्या पुस्तकातल्या बाकीच्या सह्यांसारखीच आहे, पण ती म्हणे नक्कल. म्हाताऱ्याला आठ दिवस दिलेत. दुसरा पुरावा आणा, नाहीतर पावती खोटी आहे असं लिहून द्या आणि कर, दंड भरून मोकळे व्हा. दोन्ही केलं नाही तर प्रकरण पोलिसांत."

"मग हा कागद तुमच्याकडे कसा?"

"त्यानेच दिला. म्हणाला, घरात कुणी जाणकार असेल तर दाखवा. उद्या परत करायचाय."

काकांनी पावती उजेडात धरली. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. खाली नावाचा पत्ता लागू न देणारी ती वळवळीत सही, तीही त्यांचीच. घाबरत घाबरत त्यांनी कागद उलटा केला. पाठीवर फिकट निळी अक्षरं होती, सगळी आरशात दिसावीत तशी उलटी. कचेरीतल्या नव्या मुलांना ते डाग वाटले असणार. सगळं संगणकावर करणाऱ्यांनी कार्बन पेपर बघितलाय कुठे? काकांना मात्र काय झालं होतं ते लख्ख आठवलं.

बावीस वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्याचे केस काळे होते. बंदरावर त्याला सगळे तांडेल म्हणायचे. दुसऱ्याच्या होडीवर पंधरा वर्षं सुकाणू धरून त्याने स्वतःची होडी बांधून घेतली होती आणि कर भरायला तो रुमालात नोटा बांधून आला होता. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. लाकूड कुठून आणलं, रंग कुठला दिला, पहिल्या फेरीला कोण कोण बसणार, सगळं खिडकीत उभं राहून सांगत होता. काकाही त्या दिवशी खुशीत होते. ऐकता ऐकता त्यांनी पांढऱ्या आणि पिवळ्या कागदाच्या मध्ये कार्बन सरकवला, तो उलटा. शाईची बाजू खाली हवी ती वर आली. पावती लिहून झाली, तांडेल ती कपाळाला लावून घेऊन गेला आणि संध्याकाळी हिशेब जुळवताना काकांना पिवळी प्रत कोरीकरकरीत दिसली.

नियम साधा होता. भरणाऱ्याला परत बोलवा, साहेबांसमोर चूक लिहून द्या, नवी पावती फाडा. पण साहेब म्हणजे साक्षात जमदग्नी. कारकुनांच्या चुकांची त्यांची वेगळी वही होती आणि त्या महिन्यात काकांच्या नावावर आधीच दोन चुका लागलेल्या. तिसरी लागली असती तर हेडक्लार्कची बढती हातची गेली असती. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, पिवळ्या प्रतीवर 'रद्द' लिहिलं, शिक्का मारला. सही करायला मात्र हात धजला नाही. पैशाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. ती सगळी रक्कम किरकोळ जमेच्या वहीत, कुणाचं नाव न घालता चढवली आणि तिजोरीत भरली. उद्या तांडेलला गाठू आणि गुपचूप निस्तरू, असं त्यांनी ठरवलं.

तो उद्या यायच्या आधी रविवार आला. तांडेलने काकांना, काकूंना आणि सहा वर्षांच्या लेकीला नव्या होडीतून चक्कर मारून आणली. लेक पुढच्या टोकाला बसून ओरडत होती. काका त्या दिवशी सांगणार होते. पण तांडेल इतका हसत होता की त्यांनी ते पुढे ढकललं. पुढच्या महिन्यात बढती झाली, खिडकी सुटली. मग तांडेल रस्त्यात दिसला की काका दुसऱ्या बाजूने जायला लागले.

"काय वाटतं, बाबा?" जावयाने विचारलं.

"दुसरी होडी बघा," काका म्हणाले.

"म्हणजे खोटीच ना ही?"

आत्ता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. लेक दारात येऊन उभी होती. आपले बाबा म्हणजे चोख माणूस, हे तिने शाळेच्या निबंधात लिहिलं होतं आणि सासरी जाऊन दहा वेळा सांगितलं होतं.

"कचेरीचं पुस्तक खोटं बोलत नाही," काका म्हणाले आणि त्यांनी पावती पिशवीत घालून परत दिली.

"मग भाव पाडून मागतो," जावई म्हणाला. "दंड त्याने भरायचा आणि अडलाय म्हणून किंमतही उतरेल. होडी मी सोडणार नाही."

दोन दिवस काका नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी ताट समोर ठेवलं आणि स्वतः समोरच बसल्या.

"पावती बघितल्यापासून घास उतरत नाहीये तुमच्या घशाखाली. काय केलंय तुम्ही?"

काकांनी सांगितलं. लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या बाईला गोष्ट अर्धी सांगितली तरी पुरते. काकूंनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "त्या माणसाने आपल्या पोरीला मांडीवर बसवून सुकाणू धरायला दिलं होतं. आत्ताच्या आत्ता चप्पल घाला."

"उद्या जातो. पेन्शनचं काय होईल याचा विचार तर करू दे."

"पेन्शन गेली तर मी शिवणकाम करीन."

"उद्या," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते खरंच गेले. कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर तासभर उभे राहिले. दाराला आता काच बसली होती आणि बाहेर गणवेशातला पहारेकरी होता. आतून कुणी ओळखीचं बाहेर येईल म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि सर्दी झाल्यासारखे घरी परतले. नंतरचे दोन दिवस पाठ धरली म्हणून गेले. काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

यात काकांचा एक हिशेब होता, तो सांगायलाच हवा, कारण सगळं त्यामुळेच बिनसलं. मुदत आठ दिवसांची होती. एकतीस वर्षांत मुदतीच्या आधी पैसे भरायला आलेला माणूस काकांनी पाहिलेला नव्हता. लोक शेवटच्या दिवशी येतात, तेही दुपारी, खिडकी बंद व्हायच्या बेतात असताना, धापा टाकत. तेव्हा आठव्या दिवशी सकाळी गेलं तरी आपण वेळेत आहोत, असं त्यांनी धरलं होतं. पुस्तकी हिशेब अगदी बरोबर होता.

आठव्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी काका दारात हजर होते. मॅडम त्यांच्या लेकीहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. काका जुने कर्मचारी म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. काकांनी पाण्याला हात न लावता सगळं सांगून टाकलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग उठून त्यांनी जुनं पुस्तक काढलं, पिवळी प्रत खिडकीच्या उजेडात तिरकी धरली.

"अहो, अक्षरं उठलीत की!" त्या म्हणाल्या. "शाई नाही, पण पेनाचा दाब दिसतोय. नाव, रक्कम, सगळं वाचता येतंय."

"मग झालं ना काम?"

मॅडमनी पुस्तक मिटलं. "ते काल येऊन गेले, काका."

"काल? पण मुदत तर आज आहे!"

"डोक्यावर टांगती तलवार नको, म्हणाले. पावती खोटी आहे असं लिहून दिलं, अंगठ्याशेजारी सहीसुद्धा केली. कर भरला, दंड भरला. कबुली दिली की मूळ पावती फाडून टाकायची, तसा नियम आहे. माझ्यासमोरच फाडली. होडी नव्या मालकाच्या नावावर झालीसुद्धा, तुमच्या जावयाच्या."

काकांच्या तोंडून पहिला प्रश्न जो निघाला त्याची त्यांना नंतर जन्मभर लाज वाटली. "आणि माझी पेन्शन?"

"बावीस वर्षांपूर्वीच्या एका कार्बनसाठी कुणी पेन्शन थांबवतं का?" मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "दहा मिनिटांचं काम होतं. तुम्ही परवा जरी आला असतात तरी मी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं असतं."

"आता काहीच नाही का करता येणार?"

"येईल. अर्ज मात्र त्यांनीच करायला हवा. तुमचा जबाब जोडू, ही प्रत जोडू. पण वरून विचारणा होईल, पावती रद्द दाखवली तर पैसे कुठे गेले? किरकोळ जमेची वही बारा वर्षांनी नष्ट करतात, तुम्हाला माहीत आहे. माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण लोक काय म्हणतील ते माझ्या हातात नाही."

"म्हणू देत," काका म्हणाले, आणि या वेळी ते मनापासून म्हणत होते.

तांडेलचं घर धक्क्यामागच्या चाळवजा रांगेत होतं. एकच खोली, पण झाडून पुसून लख्ख. भिंतीला दोन वल्ही उभी करून ठेवलेली आणि खाटेवर तांडेल, उजव्या गुडघ्याखाली उशी घेऊन. केस पांढरे झाले होते, खांदे मात्र तसेच रुंद.

"या भाऊसाहेब," तो म्हणाला. जणू काल दुपारीच भेट झाली होती. "उठता येत नाही, माफ करा. पोरगी अगदी तुमच्या मंडळींवर गेलीय हो! होडी बघायला आली आणि थेट पुढच्या टोकाला जाऊन बसली. तिथेच ओळखली मी."

काका स्टुलावर बसले. "ओळखली होती तर जावयाला का नाही सांगितलंत, की पावती मी फाडली म्हणून?"

"काय सांगू? तुमच्या सासऱ्याने माझे पैसे खाल्ले म्हणून सांगू? नवा संसार आहे पोरीचा. म्हणून म्हटलं, जाणकाराला दाखवा. म्हटलं कागद तुमच्या हातात पडला की तुम्ही याल." तांडेलने गुडघ्यावरून हात फिरवला. "सहा दिवस दाराकडे बघत होतो, खोटं कशाला बोलू. पैसे नको होते. तुम्ही मॅडमला नुसतं म्हणाला असतात की हा माणूस लबाड नाही, तरी चाललं असतं."

"तांडेल, मी पैसे नाही खाल्ले!"

काकांनी सगळं सांगितलं. कार्बन कसा उलटा गेला, साहेबांची वही, बढती, किरकोळ जमा. हातातल्या वर्तमानपत्राचे दोन तुकडे करून कार्बन कसा घालतात तेही दाखवलं. तांडेल ऐकत होता. लहान मूल फुटलेल्या बरणीची हकिगत सांगतं तेव्हा मोठी माणसं ऐकतात तसा.

"बरं," तो म्हणाला.

"बरं नाही! तुम्ही अर्ज करा. कबुली मागे घ्या. मी जबाब देतो, सगळ्यांसमोर देतो. तुमचे पैसे परत मिळतील, तुमच्यावरचा डाग जाईल."

"आणि पैसे कुठे गेले म्हणून विचारलं तर? ती वही दाखवाल?"

"वही... नष्ट केली."

"मग कशाला भाऊसाहेब उगाच चिखलात पाय घालता? मला कोण खोटा म्हणणार? बंदरावर ओळखतात सगळे. ज्यांना म्हणायचं ते म्हणोत, माझी आता किती वर्षं राहिली. तुमच्या पोरीला मात्र त्याच होडीवर पोट भरायचंय." तांडेलने पुढे वाकून काकांच्या हातावर हात ठेवला. "त्या वेळी अडचण असेल तुमची काही. कुणाला नसते? मी मनात नाही ठेवलं. माफ केलं, जा."

"पोरीची शपथ घेऊन सांगतो..."

"नका घेऊ," तांडेल पटकन म्हणाला. "पोरीची नका घेऊ."

काकांना रडू आलं आणि तांडेलला वाटलं ते पश्चात्तापाने आलं. पश्चात्ताप होताच. पण ज्या गोष्टीचा होता ती त्या म्हाताऱ्याला पटतच नव्हती, आणि न केलेल्या चोरीची माफी तो इतक्या मायेने देत होता की परत करताही येईना.

काका घरी आले तेव्हा लेक आलेली होती. होडीचे नवे कागद आईला दाखवत होती, हसत होती. "बाबा, केवढी स्वस्तात पडली! तो म्हातारा लबाड निघाला हे आपल्या पथ्यावरच पडलं बघा."

काकूंनी काकांकडे पाहिलं. बोलणं टाकल्यापासून पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत पाहिलं. तांडेलने गप्प राहायची मुभा दिली होती. आता बोललं नाही तर कुणाला कळणारही नव्हतं. काका चप्पल न काढताच दारात खाली बसले.

"लबाड तो नाही, बाळ. ती पावती मीच फाडली होती. कर त्याने भरलाय. मी रद्द लिहिलं."

त्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं, काहीही न गाळता. कचेरीसमोरच्या पायरीवरून परत फिरलो तेही सांगितलं. लेकीचं हसू केव्हाच गेलं होतं. तिने होडीचे कागद घडी करून पिशवीत ठेवले, पुन्हा बाहेर काढले, पुन्हा ठेवले. मग वर न बघता हळूच विचारलं, "आणि ते पैसे, बाबा?"

"किरकोळ जमेत भरले. सगळे भरले गं."

"बरं," लेक म्हणाली.